दोन डोळ्यांमधले अंतर

आमचा वाडा पडून सात वर्षे झाली. त्या जागी आता पाच मजली इमारत उभी आहे, आणि तिच्यातला एक मोठा ब्लॉक दादाकडे व एक लहान माझ्याकडे आहे. वाटणीच्या वेळी आम्हां भावांत जे बोलणे झाले ते आठवण्यासारखे नाही. त्यानंतर फारसे बोलणेच झाले नाही, हे मात्र आठवते. अशात यंदाच्या गणपतीत दादाचा मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मी वाडा पुन्हा बांधतोय. चौक किती पावलांचा होता, सांगा."

बांधकाम संगणकावर चालले होते. ज्या प्रणालीवर ते चालते तिचे नाव ब्लेंडर. ते चटणी वाटण्याचे यंत्र नव्हे, हे घरात समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला. जुना नकाशा आणि चार-दोन फोटो यांच्या आधाराने पुतण्याने ओसरी, खांब, तुळशीवृंदावन सारे आकड्यांत उभे केले होते. आता त्याला असे चित्र काढायचे होते, की चष्म्यासारखे यंत्र डोळ्यांवर चढवून चौकाच्या मध्यावर बसावे, हवे तिकडे वळावे, आणि खांब खांबापुढे व भिंत खांबामागे खरोखर असल्यासारखी दिसावी.

यात अवघड ते काय, असे मला वाटले. डाव्या-उजव्या डोळ्यांच्या किंचित वेगळ्या चित्रांतून खोली कशी निर्माण होते, हे व्हीटस्टनने १८३८ सालीच दाखवून दिले. त्याच्याही आधी, १७८७ साली, बार्करने प्रेक्षकाला मध्ये उभे करून सभोवार चित्र दाखवण्याचे पेटंट घेतले होते. दोघांची सांगड घातली की काम झाले!

पुतण्या हसला. "तसे नाही, काका. दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून दोघांकडून सभोवारचे चित्र काढले, तर समोर पाहताना सगळे ठीक दिसेल. उजवीकडे वळलात, की एक डोळा दुसऱ्याच्या पुढे गेलेला असेल. मग खोली नाहीशी. आणि मागे वळलात, की डावा डोळा उजवा झालेला. जवळचे लांब दिसेल आणि लांबचे जवळ."

यावर उपाय असा, की चित्राच्या केसाएवढ्या उभ्या पट्ट्या करायच्या आणि प्रत्येक पट्टीसाठी दोन्ही डोळे त्या त्या दिशेला तोंड करून नव्याने ठेवायचे. दोन डोळ्यांत साधारण ६.५ सेंटिमीटर अंतर असते. तेवढ्याच व्यासाच्या एका छोट्या वर्तुळावर दोघे फिरत राहतात. खऱ्या कॅमेऱ्याला ही कसरत कठीण; संगणकातला कॅमेरा म्हणजे नुसते गणित, त्याला ती सहज जमते.

"मग हे चित्र नेमके कुठून काढलेले म्हणायचे?" मी विचारले.

"तसे पाहिले तर कुठूनच नाही. एका जागी राहून असे चित्र कोणत्याच डोळ्याला दिसणार नाही."

हे उत्तर माझ्या मनातून जाईना. जे कोणी कधी पाहिले नाही, पाहू शकत नाही, ते खरे कसे? पण ज्या दिशेला वळावे त्या दिशेला ते खरेच असते! जैन दार्शनिकांनी अशा एकेका दृष्टीला 'नय' म्हटले: आपल्या जागी प्रत्येक खरी, पण दुसरीला नाकारू लागली की खोटी. मला वाटते, या चित्रातही खोटेपणा शिरतो तो एवढ्याच ठिकाणी: सारे एका नजरेत, एका जागेवरून पाहिले, असा दावा कोणी केला तर.

आणि असा दावा तर आपण रोज करतो. "मी सगळ्या बाजू पाहिल्या," असे वाटणीच्या वेळी मीही म्हणालो होतो. आई-वडिलांची अखेरची वर्षे दादाने त्या वाड्यात काढली. मी परगावी नोकरी करून पैसे पाठवत होतो. त्याने मोठा ब्लॉक मागितला तेव्हा मला लोभ दिसला. मी त्याच्या बाजूला पाहिले खरे, पण माझ्या समोरच्यासाठी ठेवलेले डोळे तसेच ठेवून पाहिले. मग जे जवळचे होते ते लांबचे दिसले, यात नवल नाही.

पुतण्याने आणखी काही गोष्टी सांगितल्या. दोन डोळे एकाच जागी आणले तर चित्र सपाट होते. फार लांब नेले तर वाडा खेळण्यातला दिसतो. डोळे एका पातळीत हवेत. एक वर, एक खाली झाला की डोके दुखू लागते. म्हणजे मतभेद असावा, तो माफक असावा, आणि त्यात कोणी वरचढ असू नये! शिवाय थेट डोक्यावर व पायाखाली ही युक्ती चालत नाही; तिथे दोन्ही डोळ्यांतले अंतर हळूहळू मिटवावे लागते, म्हणजे खोलीवर पाणी सोडायचे. कोणतीही दृष्टी सर्वत्र पुरत नाही, हे कबूल करणारे यंत्र मला आवडले.

चौक दादाने बारा पावलांचा सांगितला होता, मी वीस. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा; आमची पावले वेगळी. पुतण्याने सरासरी काढली नाही. नकाशातले माप घेतले आणि म्हणाला, "दोघांचेही बरोबर आहे."

गेल्या रविवारी आम्ही दोघे त्याच्या खोलीत जमलो. आधी दादाने यंत्र चढवले. फिरत्या खुर्चीवर तो सावकाश एक पुरा फेरा फिरला, आणि देवघराच्या दिशेला बराच वेळ थांबला. मग यंत्र काढून, डोळे पुसत उठला.

"ये," तो म्हणाला, "माझ्या जागेवर बस."

मी बसलो.