तळटिपांसकट बायबल

पेत्राच्या दुसऱ्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाचे दहावे वचन प्रभूच्या दिवसाबद्दल आहे. आकाश सरून जाईल, सृष्टितत्त्वे तापून विरघळतील. मग पृथ्वीचे आणि तिच्यावरच्या कामांचे काय होईल? ग्रीक नव्या कराराची नेस्ले-आलान्ड आवृत्ती जगभरच्या सेमिनरींत प्रमाण मानली जाते. तिच्या १९९३च्या सत्ताविसाव्या आवृत्तीत ती 'सापडतील' असा पाठ आहे, आणि २०१२च्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीत ती 'सापडणार नाहीत' असा. हा नकार आज ज्ञात असलेल्या एकाही ग्रीक हस्तलिखितात नाही. तो आहे कॉप्टिक आणि सिरियाक भाषांतरांच्या परंपरेत; बाकीचे पाठ कशातून निपजले असतील याचा विचार करून या आवृत्तीच्या म्युन्स्टर येथील संपादकांनी तो मूळचा मानला. पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रिनस हस्तलिखितात तर तिसराच पाठ आहे, 'जळून जातील' असा, आणि इंग्रजीतले किंग जेम्स भाषांतर त्याच वाटेने गेले. हे सगळे घडून गेल्यावर अभ्यासक संगणकावर ते वचन उघडतो तेव्हा त्याला दिसते एकच ओळ, स्वच्छ आणि निर्विवाद. बायबल-अभ्यासाचे सॉफ्टवेअर निवडताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न इथूनच निघतो, आणि माझ्या मते तो तांत्रिक नाही, धार्मिक आहे. आपण देवाचे वचन म्हणून जे वाचतो त्याच्यावर आपल्याआधी इतरांनी घेतलेले निर्णय हे साधन दाखवते, की झाकते?

बाजार मात्र हा प्रश्न विचारत नाही. तिथे संच विकले जातात ते पुस्तकांच्या संख्येवर. लोगोस १९९२पासून आणि मुळात मॅकवरचे अकॉर्डन्स १९९४पासून या क्षेत्रात आहे. दोन्ही उत्तम साधने आहेत, पण मोठ्या संचाची यादी उघडून पाहिली तर तिच्यातली कितीतरी पुस्तके स्वामित्वहक्काची मुदत संपलेली, एकोणिसाव्या शतकातली निघतात. जुने म्हणजे वाईट असे नव्हे. मॅथ्यू हेन्रीचे भाष्य तीनशे वर्षे लोक आवडीने वाचत आले आहेत. कोशाची गोष्ट वेगळी. थेयरचा ग्रीक कोश १८८६चा आणि स्ट्राँगची शब्दानुक्रमणी १८९०ची, आणि फुकट साधनांपैकी बहुतेकांत हीच जोडी असते. ग्रेनफेल आणि हंट या पपायरस-संशोधकांनी इजिप्तमध्ये ऑक्सिरिंखसचे उकिरडे उपसायला घेतले १८९६च्या अखेरीस. तिथून पपायरसच्या तुकड्यांवर पावत्या, घरगुती पत्रे, भाडेकरार असे ढिगांनी बाहेर आले, आणि थेयरच्या काळी जे शब्द केवळ बायबलातच येतात असे समजले जाई, त्यांतले बरेचसे सामान्य माणसांच्या रोजच्या बोलण्यातले होते हे कळले. थेयरला हे माहीत असणे शक्यच नव्हते. पण सॉफ्टवेअरमध्ये शब्दावर बोट ठेवताच उघडणाऱ्या चौकटीत त्याचा अर्थ आजच्या अर्थासारखाच ताजा दिसतो. कागदाचे पिवळेपण तिथे नसते. म्हणून संचातली पुस्तके मोजण्याआधी त्यांची साले पाहावीत.

त्याहून सूक्ष्म फसगत मूळ संहितांची होते. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला ग्रीक, दोन्ही एकाच अक्षरवळणात, एकाच आज्ञेने शोधता येणारे. त्यामुळे दोन्ही एकाच जातीचे ग्रंथ आहेत असे वाटते. ते तसे नाहीत. हिब्रूची प्रचलित विद्वन्मान्य संहिता, श्टुटगार्टची बिब्लिया हेब्राइका, ही इ.स. १००८च्या एकाच हस्तलिखिताची, लेनिनग्राड प्रतीची, जशीच्या तशी छपाई आहे. वेगळे पाठ असतील ते पानाच्या तळाशी. नेस्ले-आलान्डची ग्रीक संहिता याच्या उलट: ती वचनागणिक पाठ निवडून घडवलेली आहे आणि अथपासून इतिपर्यंत तशीच्या तशी ती कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. म्हणजे हिब्रूत आपण शब्द शोधतो तेव्हा अकराव्या शतकातल्या एका लेखनिकाची वही चाळत असतो, आणि ग्रीकमध्ये शोधतो तेव्हा विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या एका समितीचा निकाल. दोन्हींना आपापली प्रतिष्ठा आहे, पण दोन्ही तळटिपांवाचून अर्धवट आहेत. पहिल्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायाच्या तोंडाशी मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळीत एक आख्खा परिच्छेद जास्तीचा आहे: अम्मोन्यांचा राजा नाहाश याने गाद आणि रऊबेन वंशातल्या लोकांचे उजवे डोळे फोडल्याची हकीकत त्यात येते, आणि पुढे याबेश-गिलादच्या लोकांना तो तीच धमकी का देतो हे त्यावरून उलगडते. इंग्रजीतल्या १९८९च्या न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड भाषांतराने तो मजकुरातच घेतला. नुसती लेनिनग्राड संहिता देणाऱ्या मोफत ॲपमध्ये त्याचा मागमूस नसतो.

पाठाच्या खाली आणखी एक थर असतो, व्याकरणाच्या टॅगचा. 'योहानातली सगळी आज्ञार्थी रूपे दाखव' असे सांगितले की क्षणात यादी येते ती याच टॅगमुळे: कोणीतरी आधी बसून प्रत्येक शब्दाला काळ, अर्थ, पुरुष, वचन अशी खूण चिकटवलेली असते. योहानाच्या चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात विश्वास ठेवण्याचे क्रियापद दोनदा येते, एकदा देवासंबंधी, एकदा येशूसंबंधी. त्याचे ग्रीक रूप साधे विधानही असू शकते आणि आज्ञाही. दोन जागा, दोन शक्यता, म्हणजे चार वाचने. शिष्यांचा देवावर विश्वास आहेच असे येशू सांगतो आहे, की तो ठेवा म्हणून सांगतो आहे, यावर प्रवचनाचा रोख बदलतो. व्याकरणाने इथे निर्णय दिलेला नाही. टॅग लावणाऱ्याला मात्र तो द्यावा लागला, कारण त्याच्या तक्त्यात 'दोन्ही' असा रकाना बहुधा नसतो. त्यामुळे शोधाच्या उत्तरात ते वचन आले किंवा न आले तर तो ग्रीक भाषेचा पुरावा नव्हे, टॅग लावणाऱ्याचे मत आहे. अशी मते असावीत. ती कोणाची आणि कशाच्या आधारे, हे कळावे एवढेच मागणे आहे.

यावर श्रद्धेच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मंडळीतल्या माणसाला पाठभेदांच्या जंगलात कशाला न्यायचे? वचनावरचा त्याचा भरवसाच डळमळेल. ही भीती नवी नाही. जॉन मिलने १७०७ साली ऑक्सफर्डला काढलेल्या ग्रीक नव्या करारात सुमारे तीस हजार पाठभेद नोंदवले तेव्हा युरोपात अशीच खळबळ उडाली होती. योहान बेंगेल हा जर्मन तरुण त्या वेळी धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता, अतिशय भाविक, आणि या भेदांनी तो खरोखर अस्वस्थ झाला. त्याने डोळे मिटून घेतले नाहीत. हाती लागतील तेवढे पाठ तपासले आणि १७३४ साली स्वतःची आवृत्ती काढली. दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याची शक्यता अधिक, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, हा आजही वापरात असलेला निकष त्याने मांडला, आणि श्रद्धेच्या मुख्य सिद्धांतांना या भेदांनी धक्का लागत नाही या निष्कर्षाला तो पोचला. त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात, ओरिगेनने हिब्रू आणि ग्रीक पाठ सहा रकान्यांत समोरासमोर लिहवून घेतले होते. आजच्या सॉफ्टवेअरमधली समांतर रकान्यांची खिडकी ही त्याचीच पणती म्हणायची. पाठभेद लपवून जो भरवसा टिकतो तो भरवसा पुस्तकावरचा नसून विक्रेत्यावरचा आहे, असे मला वाटते. शिवाय बहुतेक भेद शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे आहेत, हे पटते तेही तळटिपा प्रत्यक्ष चाळल्यावरच.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: गावातल्या पाळकाला किंवा जिज्ञासू वाचकाला एवढे हवेच कशाला, त्याला मराठी बायबल पुरे. पुरेही असेल. पण मग त्याला मूळ भाषेतल्या प्रत्येक शब्दाला दिलेले स्ट्राँगचे क्रमांकही नकोत, कारण ग्रीक न शिकता ग्रीकवर बोलता येते हा भ्रम त्या क्रमांकांनी जितका पसरवला आहे तितका कशानेच नाही. मराठीत या प्रश्नाचे एक उत्तर पंडिता रमाबाईंनी कृतीने दिलेले आहे. त्या उतारवयाकडे झुकत असताना केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत आख्खे बायबल मूळ भाषांवरून उतरवले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रियांसाठी लिहायचे म्हणून मुळाकडे जाण्याची गरज कमी होते असे त्यांना वाटले नाही. आणि पाठचिकित्सा ही आपल्याकडे परकी नाही. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती झाली तिचे पान उघडावे: वर संहितेच्या काही ओळी, खाली हस्तलिखितांच्या खुणांसकट पाठभेदांचा दाट मजकूर. व्यासांचे मूळ शब्द आपण दिले असा दावा तिचे प्रमुख संपादक सुकथनकर यांनी केला नाही. उपलब्ध प्रतींवरून पोचता येईल तितके जुने रूप, एवढेच ते म्हणाले. बायबलच्या डिजिटल आवृत्तीकडून याहून वेगळी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. फुकट तेवढे टाकाऊ असे अजिबात नाही. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचे स्टेप बायबल मोफत आहे आणि प्रामाणिक आहे. सायनायटिकस हस्तलिखिताची पाने २००९पासून कोणालाही पाहता येतात, आणि म्युन्स्टरच्या संस्थेनेही हस्तलिखितांची छायाचित्रे खुली ठेवली आहेत. मायकेल होम्स यांनी संपादित केलेला एसबीएलचा ग्रीक नवा करार २०१०पासून मोफत मिळतो. मात्र त्याच्या टिपांत हस्तलिखितांची नव्हे, इतर छापील आवृत्त्यांची तुलना असते, हे जाणून तो वापरावा. विकतच्या मालाचाही भरवसा मर्यादित आहे. मूळ भाषांच्या अभ्यासकांचे लाडके बायबलवर्क्स जून २०१८मध्ये बंद झाले, आणि लोगोसने २०२४पासून नवी वैशिष्ट्ये वर्गणीवर नेली. आपण पुस्तक विकत घेतो असे वाटते तेव्हा बहुधा वापराचा परवाना घेत असतो. म्हणून टिपणे दुसरीकडे नेता येतील अशी सोय नसलेल्या साधनात वर्षानुवर्षांचे काम साठवू नये.

ज्याला पाठाचा अभ्यास खरोखर करायचा आहे त्याने पैसे चार गोष्टींवर खर्चावेत: तळटिपांसकट अठ्ठाविसावी नेस्ले-आलान्ड, कारण अनेक ठिकाणी नुसती संहिता आणि तळटिपा वेगवेगळ्या विकल्या जातात, तळटिपांसकट श्टुटगार्टची हिब्रू आवृत्ती, डँकर यांनी २००० साली नव्याने सिद्ध केलेला बाउअरचा ग्रीक कोश, आणि समितीने कुठला पाठ का निवडला, कोणाचे मत विरुद्ध पडले, हे सांगणारे ब्रूस मेट्सगरचे १९९४चे पाठभाष्य. ते २०१२च्या बदलांआधीचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे. हे चारही ज्या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांशी जोडून मिळतात ते घ्यावे, मग त्याचे नाव काहीही असो. हजार पुस्तकांचा संच सवलतीत मिळतो म्हणून घेऊ नये.