जुनी ध्वनिमुद्रणे आणि शब्दनित्यत्वाचा वाद

शब्द नित्य की अनित्य, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद. जैमिनींच्या मीमांसा परंपरेत उच्चाराने शब्द निर्माण होत नाही, नुसता प्रकट होतो. 'तोच हा' ही ऐकणाऱ्याला पटणारी ओळख हा मीमांसकांचा मोठा आधार. न्यायमतात शब्द हा आकाशाचा गुण. तो उत्पन्न होतो, आपल्यासारखाच दुसरा शब्द निपजवतो आणि नष्ट होतो. ओळख पटते ती सजातीयतेमुळे.

प्रसारणसंस्थांच्या संग्रहांत हा वाद वेगळ्या रूपात उभा राहतो. बीबीसीने १९६० च्या दशकातल्या कार्यक्रमांच्या असंख्य फिती पुसून पुन्हा वापरल्या. 'डॉक्टर हू' मालिकेचे नऊ हरवलेले भाग नायजेरियात सापडल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. पण त्या होत्या परदेशी विक्रीसाठी काढलेल्या चित्रपटफितीवरच्या प्रती. मग सापडले ते काय? मूळ फीत पुसली तरी कार्यक्रम टिकला, असे म्हणत मीमांसकाने येथे घाईने विजय मानू नये. त्याच्या मते नित्य असतात ते वर्ण. माणसाने रचलेला त्यांचा क्रम पौरुषेयच ठरतो.

'गीतरामायणा'त पेच अधिक बारीक होतो. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे अशा अनेकांच्या कंठांतून प्रसारित झाली. पुढे घराघरांत पोचले ते सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातले रूप. कवी गदिमांचे शब्द तेच, चालीही त्याच. रचना हेच सर्वस्व मानले तर मूळ मुद्रण हरवूनही काही बिघडत नाही. तरी जाणकार शोधतात ते मूळ मुद्रणच. द्रुत-विलंबितासारखे उच्चारभेद व्याकरणतत्त्वज्ञ भर्तृहरी वैकृत म्हणजे बदलत्या ध्वनीकडे सोपवतो; स्फोटाला, म्हणजे अर्थ देणाऱ्या अखंड शब्दाला, त्यांचा स्पर्श नाही. संग्रहाचे मोल मात्र नेमके त्या 'वैकृता'त आहे: एखादा लांबलेला श्वास, विशिष्ट गळ्याची जात, त्या दिवशीची लय.

म्हणून न्यायमत येथे अधिक उपयोगी पडते. फीत वाजते तेव्हा प्रत्यक्ष ज्ञान होते ते नव्या शब्दाचे. मूळ गायकाचे ज्ञान अनुमानाने होते. फुगलेल्या नदीवरून वर पाऊस झाल्याचे कळते तसे, कार्यावरून कारणाचे. अनुमान म्हटले की हेत्वाभास, म्हणजे फसवे हेतूही आले. फीत चुकीच्या वेगाने वाजली तर स्वर चढतो किंवा उतरतो, आणि डब्यावरचे नाव चुकीचे असेल तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या नावावर जातो. निवेदनातली नावे, प्रसारणाची नोंदवही आणि दुसरी प्रत ताडून पाहिल्यावरच हे अनुमान ग्राह्य ठरते.