केर उंबरठ्याबाहेर गेल्यावर

थंड प्रदेशांत दीर्घ हिवाळा सरला की दारे-खिडक्या उघडून सारे घर धुऊन-पुसून काढतात. इराणात नवरोजपूर्वीच्या या साफसफाईला ‘घर हलवणे’ अशा अर्थाचे नाव आहे. आम्हा विक्रोळीकरांना हिवाळा तो कसला? दोन-चार पहाटे चादर अंगावर ओढून घेतली की संपला. आपला खरा हिवाळा म्हणजे पावसाळा. चार महिने मिटलेल्या खिडक्या, कपाटामागे भिंतीला धरलेली बुरशी, पुस्तकांना लागलेली कसर, गाद्यांचा कोंदट वास! ऑक्टोबरचे ऊन कडकडीत पडले, की कन्नमवार नगरातील आणि टागोर नगरातील गच्च्या-खिडक्या गाद्या-गोधड्यांनी भरून जातात. शेजारी दिवाळीसाठी घर झाडतात, आम्ही नाताळच्या आधीची पहिली झाडलोट उरकून घेतो. सण वेगळे असले तरी ऊन एकच असते.

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी भिंतीवरची आईवडिलांच्या लग्नाची तसबीर उतरवताना माझ्या हातून निसटली. ओल खाल्लेली चौकट उकलली आणि काच फुटली. छायाचित्र मी जपून कपाटात ठेवले. काचा मात्र वर्तमानपत्राच्या एका पानात गुंडाळून केराच्या पिशवीत टाकल्या. संध्याकाळी स्वच्छ लादीवर बसून चहा घेताना मन कसे हलके झाले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या आवारात कचरा वेगळा करणाऱ्या बाई दिसल्या. त्यांच्या तळहाताला फडक्याची पट्टी होती आणि तिच्यातून रक्त झिरपले होते. मी विचारले. ‘काच होती, भाऊ. कागद भिजून फाटला होता,’ एवढेच त्या म्हणाल्या. ती काच कुणाच्या घरची, हे त्यांना ठाऊक नव्हते, मला होते. मी ते कबूल केले, दवाखान्यात चला म्हणालो. ‘दुपारी जाईन, अजून दोन इमारती राहिल्यात,’ असे म्हणून त्यांनी दुसरी पिशवी उघडली. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

घर स्वच्छ झाले असे आपण केव्हा म्हणावे, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. केर उंबरठ्याबाहेर गेला की झाले? लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुपे वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर हाकलण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. केरसुणीची त्या दिवशी लक्ष्मी म्हणून पूजा होते. मात्र हाकललेली अलक्ष्मी जाते कुठे, हे कुणी विचारत नाही. ती कुणाच्या तरी दारात जाणारच.

विक्रोळीकराला याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली. मुंबईत रोज निघणाऱ्या सहा हजार टनांहून अधिक कचऱ्यापैकी बहुतेक कचरा शेजारच्या कांजूरमार्गला खाडीकाठी येऊन पडतो. वारा फिरला की त्याची दुर्गंधी आमच्या घरात शिरते, आणि आम्ही खिडक्या लावून घेत महानगराला दोष देतो. २०२५ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ती जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. उद्या हा ढीग येथून हलला तर आम्हाला आनंदच होईल. पण तो हलून कुणाच्या खिडकीखाली जाईल, हे आम्ही विचारू का? दक्षिण मुंबईचा रहिवासी आमच्याविषयी जितका विचार करतो, तितकाच आम्ही त्या अनोळखी माणसाचा करू, असे मला भय वाटते.

कुणी म्हणेल, इतका विचार केला तर माणूस काहीच टाकू शकणार नाही. हा आक्षेप खरा आहे. साठवून ठेवणे म्हणजे सद्गुण नव्हे. ज्या पांघरुणाची दुसऱ्याला गरज आहे, ते आपल्या पोटमाळ्यावर कुजवणे हाही अन्यायच. पण देण्यातही एक फसवणूक लपलेली असते. विटलेला सदरा, तुटक्या चाकांचे खेळणे आपण ‘गरिबांना’ देतो आणि केराला दानाचे नाव देऊन मोकळे होतो. त्यापेक्षा दारावर येणारी बोहारीण अधिक प्रामाणिक. ती साडी उजेडात धरते, विरलेली जागा दाखवते आणि मगच भांड्याचा सौदा करते. त्या व्यवहारात कुणी कुणाला उपकाराखाली दडपत नाही. जे आपण आपल्या सख्ख्या बहिणीच्या हाती संकोच न करता ठेवू शकतो, तेच द्यावे. बाकीचे केर म्हणूनच, पण नीट बांधून टाकावे.

लूकच्या शुभवर्तमानातील त्या बाईची आठवण येते. तिचे एक नाणे हरवते, तेव्हा ती दिवा लावते आणि घर झाडते. तिचे झाडणे टाकण्यासाठी नाही, शोधण्यासाठी आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडीत. त्यांची झाडलोट उंबरठ्यापाशी कधी संपलीच नाही. आपण मात्र केर पुढे ढकलतो आणि तो उचलणारा माणूस आपल्या नजरेतून हरवतो. झाडताना शोधायचे ते त्याला.

स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून परिसर विकास प्रकल्पातून मुंबईतील कचरावेचक स्त्रियांना संघटित केले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. संघटना आणि कायदा आपापले काम करतील. पण काच जाड पुठ्ठ्यात बांधून, वर ‘काच’ असे ठळक लिहून ती हातात देण्याचे काम माझेच आहे. आता मी तेवढे करतो. बाईंचा घाव भरला आहे. तळहातावर वण राहिला आहे. या ऑक्टोबरात पुन्हा घर झाडताना त्या वणाची आठवण राहिली, तरच माझे घर स्वच्छ झाले असे मी म्हणेन.