मुठीचे माप

बर्फावरच्या हॉकीत जाड हातमोज्यांतून काठी आवळून धरावी लागते, म्हणून त्या खेळाडूंच्या मुठीचा जोर किलोग्रॅममध्ये मोजून दप्तरी ठेवण्याची रीत क्रीडाविज्ञानात पडली आहे. कोपर काटकोनात ठेवून यंत्राचा दांडा जीव खाऊन दाबायचा, असे तीनदा करून सर्वोच्च आकडा अथवा सरासरी टिपायची. १७९८ च्या सुमारास फ्रान्समध्ये रेन्ये याने आपले बलमापक प्रसिद्ध केल्यापासून यंत्रे पुष्कळ सुधारली, परंतु ‘जीव खाऊन’ ही अट काही सुटली नाही. माझी शंका त्या अटीपाशीच उभी राहते; कारण ज्याने मनातून हात राखला त्याचा आकडा लटका, आणि हात राखला की नाही हे काटा बोलत नाही. मग मोजला तो स्नायू की संकल्प?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे गणली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. हात हे त्यांतले केवळ करण. आळेफाट्याच्या आसमंतातील कोणत्याही गोठ्यात धार काढणारा हात पाहावा: अंगठा व तर्जनी सडाचे मूळ प्रथम आवळतात, दूध वर परतू नये म्हणून, मागून उरलेली बोटे एकेक करून मिटत जातात, आणि मग मूठ सैल पडते. नुसत्या जोराला गाय लाथेने उत्तर देते, आणि तिने पान्हा चोरलाच तर पहिलवानाच्याही मुठीत काही उतरत नाही. (दैव हे पाचवे कारण गवळ्याला कोणी शिकवावे लागत नाही.)

फाट्यालगतच्या आळे गावी, ज्ञानेश्वरांनी पैठणच्या ब्रह्मसभेपुढे ज्याच्या मुखी वेद वदविले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी आहे. त्याचे बळ अमोजित नव्हते. पखालीच्या मापाने ते नित्य मोजले जात होते. कथा मात्र म्हणते की, त्याच्या पाठीवर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले. चमत्काराची शहानिशा करण्याचा मला अधिकार नाही. पण एकाचे करण आणि दुसऱ्याचा कर्ता यांच्यामधली सरहद्द आपण समजतो तितकी पक्की नाही, एवढा दाखला त्यातून निघतो.

वृद्धाच्या मुठीचा जोर ओसरला की वैद्य सावध होतो, ते योग्यच. तेथे देहाविषयीचा प्रश्न देहालाच विचारलेला असतो. संघनिवडीच्या यादीत मात्र तोच आकडा करणाच्या रकान्यातून उचलून कर्त्याच्या नावापुढे मांडला जातो, आणि माझी हरकत आहे ती तेवढ्यापुरतीच.