दोन रेघा

मुलुंडहून मी रोज सकाळी एकच लोकल पकडते. लेडीज डबा ठरलेला, त्यातले चेहरेही ठरलेले. नावं फारशी माहीत नसतात. चेहरा दिसला की मान हलते. तेवढीच ओळख, पण रोजची.

मागच्या सोमवारी भांडुपला एक बाई चढल्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. माझ्याकडे पाहून हसल्या. मीही हसले, अनोळखी माणसाकडे पाहून हसावं तसं. मग त्या म्हणाल्या, "जरा सरकता? चौथी सीट."

आवाज ऐकला आणि पोटात कालवलं. पाच वर्षं याच बाई माझ्या शेजारी बसून, डोळे मिटून स्तोत्र म्हणायच्या. गेले सात महिने दिसल्या नव्हत्या.

"केमो चालू होती," त्या हळूच म्हणाल्या.

डोळे तेच होते, नाक तेच, हसणंही तेच. केस गेले होते ते रुमालामुळे कळत होतं. भुवया गेल्या होत्या, ते मात्र मला नीट निरखल्यावर कळलं.

अमेरिकेतल्या एमआयटीत पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. प्रसिद्ध माणसांच्या काही फोटोंतले डोळे पुसले, काहींतल्या भुवया. २००३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया नसलेले चेहरे ओळखणं लोकांना जास्त जड गेलं. कपाळाखालच्या त्या दोन गडद रेघा लांबूनही दिसतात, उजेड बदलला तरी सहसा हरवत नाहीत. डोळ्यांना डोळे भिडतात; ओळख पटवतात भुवया.

दर पंधरा दिवसांनी मी पार्लरमध्ये आयब्रो करून घेते. नको ते केस काढायचे, एवढंच मनात असतं. जे राहतात, त्यांच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

डब्यात मी कुणाला काही बोलले नाही. सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

काल शुक्रवारी त्या पेन्सिलने बारीक भुवया रेखून आल्या. डबाभर एकच गलका झाला. "अय्या, तुम्ही! होतात कुठे इतके दिवस?"

त्या नुसत्या हसल्या.

सोमवारपासून त्या रोज याच डब्यात होत्या.