काळजी करणे आणि काळजी घेणे

‘देवावर भार टाकून स्वस्थ राहावे’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यातल्या ‘स्वस्थ’ या शब्दाकडे कुणाचे लक्षच जात नाही. मला मात्र तो शब्द नेहमी खटकत आला आहे. भार टाकल्यावर माणसाने करायचे काय? बसून राहायचे? गिरणी बंद पडली, माग विकावा लागला, घरात दुखणाईत माणूस आहे, अशी घरे सोलापूरच्या कुठल्याही पेठेत सापडतील. त्या घरातल्या कर्त्या माणसाला ‘तो आहे, काळजी करू नकोस’ असे सांगणे ही सहानुभूती की पळवाट? धर्माला अफू म्हणणाऱ्यांचा आक्षेप नेमका हाच आहे, आणि तो हसून उडवून लावण्याजोगा नाही.

ख्रिस्ती धर्माला तर हा आक्षेप अधिकच लागू पडतो असे वाटते. आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बोट दाखवून उद्याची चिंता सोडायला सांगणारा उपदेश त्या धर्माच्या गाभ्यातच आहे. मॅट्रिकपलीकडे मजल न गेलेल्या मास्तराने याचा निकाल तर्काने लावू पाहणे हा आगाऊपणा होईल. तो उपदेश खरा मानून ज्यांनी आयुष्य काढले त्यांच्याकडे पाहावे, हे बरे. 

सोलापूरहून पुण्याला जाताना वाटेत केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वणवण करताना रमाबाईंचे आईवडील गेले; १८८० मध्ये भाऊ गेला; १८८२ मध्ये पटकीने पती गेले. पदरात एक तान्ही मुलगी उरली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एखाद्या कादंबरीकाराने इथे प्रकरण संपवले असते. (मीही कदाचित तेच केले असते.) पण रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की त्या दिवशी आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. जिवाला विसावा लाभला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. विद्वत्ता होती, शारदा सदन उभे राहिले होते, साऱ्या जगात नाव झाले होते. तरी आत काहीतरी पोखरतच होते. धर्मांतर आणि शांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हीकडच्या उत्साही मंडळींनी ध्यानात घ्यावे असे मला वाटते.

आणि विसावा मिळाल्यावर बाई स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने काड्या झालेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुढे गुजरातेतल्या दुष्काळातूनही आणल्या. ज्या दुष्काळाने आपली माणसे नेली त्याच्याच तोंडात हात घालून त्यांनी दुसऱ्यांची माणसे ओढून काढली. एवढ्या पोरींना खायला काय घालायचे, हा हिशेब आधी कागदावर मांडला असता तर त्या घरातून निघाल्याच नसत्या.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. मराठी माणूस काळजी ‘करतो’ आणि काळजी ‘घेतो’. दोन्ही ठिकाणी शब्द एकच. पण करणारा रात्रभर कूस बदलत राहतो, आणि घेणारा उठून आजाऱ्याच्या उशाशी पाणी ठेवतो. पाखरांच्या त्या दृष्टांताने सोडायला सांगितली ती पहिली काळजी, असे रमाबाईंकडे पाहून वाटते. दुसरी तर त्यांच्या अंगी शतपट आली. आधी ज्या शक्तीने मन पोखरले जात होते तीच पुढे हातांत उतरली.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या आजोबांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. भीतीला तोंड दाखवायला जागा नसली की ती अशी पाण्याच्या घागरीत शिरते. त्या घरात वाढलेल्या या बाईचा नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. तिच्यावर आभाळच कोसळले. त्या दिवसांत काही काळ ती आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात राहिली. पुढे नवऱ्याकडे परतली तीही सोवळे सांभाळतच. मग एके दिवशी तिच्या मनात आले: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले आणि पिढीजात भीती गळून पडली. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० चा. म्हणजे रमाबाईंच्या अगदी उलट क्रम! ‘स्मृतिचित्रे’ वाचताना इतक्या हालअपेष्टांतही आपण हसतो, ते या गळून पडलेल्या भीतीमुळे.

यावर कुणी म्हणेल, ही शांती म्हणजे दुःख न जाणवणे. तसे नाही. पकडला गेला त्याच रात्री, त्याआधी थोडा वेळ, गेथशेमाने बागेत ख्रिस्त स्वतः व्याकूळ झाला होता; हा प्याला टळो अशी त्याने विनवणी केली होती. गीतेतल्या स्थितप्रज्ञाहून हे चित्र वेगळे आहे, आणि देवाशी भांडणाऱ्या आपल्या तुकोबांना जवळचे आहे. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, त्याचे मला तरी नवल वाटत नाही.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंची ती एकुलती एक मुलगी, त्यांचा उजवा हात. मुक्तीचा कारभार पुढे तिनेच पाहायचा होता. आईची तब्येत ढासळलेली, कान जवळजवळ गेलेले. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. अडाणी बाईलाही कळावे एवढाच त्यांचा हट्ट होता. ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. ते छापले मुक्तीच्याच छापखान्यात, आणि त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच मुलींनी.