मी घोर म्हणलं होतं

एप्रिलात भातसानगरजवळच्या एका पाड्यावर समुपदेशक मैत्रिणीबरोबर गेलो होतो. ती नॅरेटिव्ह थेरपी करते. ऑस्ट्रेलियाचे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत घडवली. मूळ म्हणणं सोपं: माणूस म्हणजे समस्या नव्हे. चड्डीत शी होणाऱ्या मुलाच्या त्रासाला व्हाइटनी 'चोरटी शी' म्हटलं आणि अख्ख्या घराला मुलाच्या बाजूनं तिच्याविरुद्ध उभं केलं. ज्याचं आयुष्य, जाणकारही तोच, हा दुसरा दंडक.

पाड्यावरच्या एक मावशी ओट्यावर बसून तासभर बोलल्या. मैत्रीण ऐकत होती, लिहीत होती. ऐकण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. उठता उठता मावशी म्हणाल्या, "काय लिवलंस, वाच की."

मैत्रीण गडबडली. टिपणं इंग्रजीत होती. तिनं अडखळत सांगितलं: चिंताविकार, आत्मविश्वास कमी.

"मी घोर म्हणलं होतं," मावशी म्हणाल्या. "पाण्याचा घोर."

मुंबईच्या पाण्यातला मोठा वाटा भातसा धरणाचा. ते पिसे-पांजरापूरमार्गे शहरात पोचतं आणि धरणाजवळच्या शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात लोक टँकरची वाट पाहतात. 'घोर' या शब्दात हंडा होता, टँकर होता, सुनेचं दुखरं कंबरडं होतं. 'चिंताविकार' लिहिलं आणि सगळं पुसलं गेलं. उरला तो फक्त मावशींच्या डोक्यातला बिघाड. म्हणजे माणूसच पुन्हा समस्या.

मैत्रीण ढोंगी नाही. पण तत्त्वाची परीक्षा समोर बसून मान डोलावण्यात होत नाही, माणूस नसताना वहीत होते. आपापसातल्या बैठकीत, दोनदा न आलेल्या बाईवर एखादा समुपदेशक 'प्रतिसाद न देणारी' असा शिक्का मारतो, तेव्हा तर होतेच. एप्स्टन मात्र भेटीनंतर त्या माणसालाच पत्र लिहीत, त्याच्याच शब्दांत. लिहिलेलं त्याच्या हातात पडणार म्हटल्यावर लेखणी आपोआप जपून चालते.

मैत्रिणीनं पान फाडलं, नव्यानं मराठीत लिहिलं, वाचून दाखवलं. मावशींनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि तो कागद रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून दिला.

आसनगावला लोकलची वाट पाहत मैत्रीण तिच्या संस्थेचा छापील फॉर्म भरत बसली. 'निदान' या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं होतं. रकाना जेमतेम दोन शब्दांचा होता.